पांदण म्हणजे पगडंडी नव्हे, भाऊ

भाऊ,

तुझ्या तेराव्याला पंगत बसली तेव्हा तुझ्या कचेरीतला एक म्हातारा कारकून शेजारच्याला सांगत होता, "बाबूजींनी कागदापुढे सख्ख्या बहिणीचंसुद्धा तोंड पाहिलं नाही. असा माणूस आता होणे नाही." मी वरण वाढत त्याच्याच पानापाशी आले होते. ती बहीण मी, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने पानावर हात आडवा केला आणि म्हणाला, "बस, बाई, बस." मी पुढच्या पानाकडे गेले.

त्या माणसाला मला काहीच सांगायचं नव्हतं. सांगायचं आहे ते तुला. तू जिवंत असताना वर्षातून एकदा, भाऊबीजेला, आपण पाटावर समोरासमोर बसून भांडायचो आणि भांडण अर्धं टाकून तू शेवटची मोटार पकडायला निघून जायचास. आता तुला कुठली मोटार पकडायची नाही. ऐकून घे.

काल ह्यांनी मला विचारलं, "तुझा भाऊ गेला अन् तू रडली नाहीस?" मी म्हटलं, राग आधी संपू द्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुला ठाऊकच आहे, हे फारसं बोलत नाहीत. मान वळवून माझ्याकडे बघायचं म्हटलं तर ह्यांना आता अख्खं अंग वळवावं लागतं. ती मान कशाने गेली, हेही तुला ठाऊक आहे.

आधी चांगलं सांगते. तू वाईट होतास असं मी म्हणणार नाही, तेवढी सोपी सुटका मी तुला देत नाही.

असीरगडाखालच्या आपल्या गावात मुलीने अक्षर शिकावं असं कोणाच्या मनात नव्हतं. बाबांना तर तुझं वाचणंही खपत नव्हतं. घरात पुस्तक उघडलंस की ते म्हणायचे, "बैल काय पुस्तक वाचून पाणी पिणार का?" म्हणून तू पांदणीत जाऊन बसायचास. दोन्हीकडे निवडुंग अन् तरवड, मध्ये गाडीच्या चाकोऱ्या, वर आभाळाची एक पट्टी. तिथे तू मोठ्याने वाचायचास आणि मी शेळ्या सोडून तुझ्यापाशी बसायचे. चाकोरीतल्या मऊ मातीत तू बोटाने 'ग' काढलास, 'म' काढलास. गाडी आली की अक्षरं पुसली जायची, मग तू पुन्हा काढायचास. मला वाचता येतं ते तुझ्यामुळे. हे पत्र मी लिहिते आहे तेही तुझ्यामुळेच.

एकदा मी तुला विचारलं होतं, "भाऊ, ही पांदण कोणाची?"

तू म्हणालास, "कोणाचीच नाही. म्हणून सगळ्यांची." आणि मग मास्तरासारखा समजावायला लागलास. पायवाट माणसाच्या पायाने पडते, चालणं थांबलं की गवतात मिटून जाते. पांदणीचं तसं नाही. तिच्यासाठी दोन्ही बाजूंच्या शेतवाल्यांनी आपापल्या जमिनीतून थोडी थोडी सोडलेली असते, गाडी जावी, बैल जावेत, एखाद्या बाईला पोटात कळा येत असताना झोपवून न्यावं एवढी. हमरस्त्यावर जो तो विचारतो, कुठे चाललास. पांदणीत कोणी विचारत नाही, कारण तिथे उगाच कोणी येतच नाही. तू तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतास. एवढा अर्थ तुला त्या वयात माहीत होता.

पुढे तू बुऱ्हाणपुरात शिकलास, तहसील कचेरीत लागलास, शनवारा वेशीजवळ घर केलंस. मी लग्न होऊन जसोंडीला आले. माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने शेत वाटून घेतलं होतं. सडकेकडचा पुढचा तुकडा चुलत सासऱ्यांना, आतला आमच्याकडे. आतल्या शेतात जायला पुढच्या शेताच्या कडेने पांदण. वाटणीपत्रात तसं लिहिलेलं होतं, मराठीत, सासऱ्यांच्या अंगठ्याच्या पुसट ठशाशेजारी: 'मागील हिश्श्यास जाणेयेणेकरिता पांदण वहिवाटीप्रमाणे कायम राहील.' आम्ही केळी लावायचो. त्या पांदणीने आमची गाडी घड भरून निघायची आणि बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनावर जायची.

चुलत सासरे वारले आणि त्यांचा मुलगा रघुनाथ शेत बघायला लागला. तो दर वर्षी नांगराची एक एक ओळ पांदणीत वाढवायला लागला. पहिल्या वर्षी आम्ही हसलो. तिसऱ्या वर्षी गाडीचं एक चाक त्याच्या वाफ्यात जायला लागलं आणि तो काठी घेऊन उभा राहिला. तेव्हा ह्यांनी तहसीलीत अर्ज दिला.

ते वर्ष राज्य बदलल्याचं. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आपण इकडे हिंदी राज्यात राहिलो. तुमच्या कचेरीत नवे साहेब आले, नव्या पाट्या लागल्या, आणि आम्हाला सांगण्यात आलं की जुना मराठी कागद चालेल, पण सोबत हिंदी तर्जुमा जोडा. ह्यांना वाटलं, कुठला लिहिणारा शोधावा? मी म्हटलं, शोधायचा कशाला? माझा भाऊ आहे. हिंदीच्या परीक्षेत अख्ख्या कचेरीत पहिला आलेला.

तो कागद पदरात बांधून मी स्वतः तुझ्या घरी आले होते, भाऊ. वहिनींनी मांडे केले होते. तू ओट्यावर बसून एका बैठकीत तर्जुमा केलास, शाई वाळवलीस आणि माझ्या हातात दिलास. मी वाचला. अक्षरं तीच होती ना, तू शिकवलेली.

"भाऊ, हे पगडंडी काय?"

"पांदण. हिंदीत पांदणीला पगडंडी म्हणतात."

"पण ह्यात पग आहे. पग म्हणजे पाय ना? आमची तर गाडी जाते."

तू हसलास. "बघा," वहिनींना म्हणालास, "हिला चार अक्षरं काय शिकवली, ही माझीच परीक्षा घेऊन राहिली." वहिनीही हसल्या. मला लाज वाटली. मी कागद घडी करून परत पदरात बांधला.

तिथपर्यंत ती चूक होती. माणसाच्या हातून चूक होते. तुला तो शब्द गोड वाटला असेल, पुस्तकात वाचलेला असेल. 'बैलगाड़ी का रास्ता' असं साधं लिहिणं तुला गावठी वाटलं असेल. त्या चुकीसाठी मी तुझ्याशी एक दिवससुद्धा अबोला धरला नसता.

मग तारीख लागली. मी गेले होते ह्यांच्याबरोबर. बायका कचेरीत जात नसत, रघुनाथाने त्यावरून गावात टवाळीही केली, पण कागदात काय आहे ते घरात मलाच वाचता येत होतं. रघुनाथाच्या वकिलाने फार काही केलंच नाही. त्याने तुझा तर्जुमा वाचला आणि साहेबांना विचारलं, "हुजूर, पगडंडी पर बैलगाड़ी कहाँ से चलेगी?" खोलीतले लोक हसले.

ह्यांनी हात जोडून म्हटलं, साहेब, एकदा जागेवर येऊन बघा. चाकोऱ्या अजून आहेत. साहेब वाईट नव्हते. ते लांबचे होते, त्यांना मराठी येत नव्हती आणि ते त्यांनी कबूलही केलं. त्यांनी मूळ कागद उलटापालटा केला आणि तुला बोलावलं.

तू आतल्या खोलीतून आलास. टोपी नीट केलीस. आम्ही दोघं भिंतीशी उभे होतो. तू आमच्याकडे एकदा पाहिलंस, मी पाहिलं की तू पाहिलंस. माझ्या मनात आलं, आता सुटलो.

"बाबूजी, ये पांदण और पगडंडी, एक ही बात है?"

तू म्हणालास, "जी हुजूर."

"इसमें गाड़ी जाती है?"

तू थांबलास. किती थांबलास ते मी तुला सांगू? पंखेवाल्याने दोरी दोनदा ओढली, तेवढा. मग म्हणालास, "शब्द का अर्थ तो पैदल का रास्ता ही है, हुजूर."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषांत मी ओरडले. "भाऊ, खोटं नको बोलू! तू पांदणीत वाढलास!"

चपराशी माझ्याकडे आला, "बाई, चुप रहो." साहेबांनी तुला विचारलं, "ये कौन है?"

आणि तू म्हणालास, "मेरी बहन है, हुजूर. माफ करें. इसे कागज की समझ नहीं."

बाकी सगळं मी कधीतरी गिळलं असतं, भाऊ. शेताचं गिळलं असतं. हे नाही. मातीत बोटाने अक्षर काढून मला ज्याने कागद समजायला शिकवला, त्यानेच भरल्या कचेरीत सांगितलं की हिला कागद समजत नाही. आणि गंमत बघ, साहेबांवर त्याचा केवढा प्रभाव पडला. सख्ख्या बहिणीच्या विरुद्ध बोलणारा माणूस खोटं कशाला बोलेल? त्याच दिवसापासून तू कचेरीत सचोटीचा माणूस झालास. तुझ्या तेराव्यालाही तीच सचोटी वाढली गेली.

निकाल लागला. पायी जाण्यापुरती वाट सोडावी, एवढाच. रघुनाथाने दुसऱ्या दिवशी बाभळीचे काटे आणून टाकले. मध्ये जागा ठेवली ती एका माणसाने अंग तिरकं करून जावं इतकी.

पुढची तीन वर्षं तू पाहिली नाहीस, म्हणून सांगते. केळीचा घड गाडीने न्यायचा असतो. आम्ही डोक्यावरून नेला. ह्यांनी, मी, आणि मजूर मिळाले तर दोन मजूर. आतल्या शेतापासून सडकेपर्यंत, काट्यांमधून, अंग चोरत. घड कुठे घासला की काळा पडतो आणि काळा घड व्यापारी घेत नाही. खत आत जाईना. शेणखताची पाटी डोक्यावरून किती न्यायची? दुसऱ्या वर्षी बाग निम्मी झाली. तिसऱ्या वर्षी पावसात, पांदणीच्या चिखलात, डोक्यावर घड असताना ह्यांचा पाय सरकला. घड सोडला असता तर मान वाचली असती. ह्यांनी घड सोडला नाही. मान त्या दिवशी गेली.

तू भेटायला आलास. मावाजिलेबी घेऊन आलास. ह्यांच्या उशाशी बसलास आणि म्हणालास, "अशी कामं गड्याकडून करून घ्यावीत, पाहुणे." मी जिलेबी शेजारच्या घरी देऊन टाकली.

त्या वर्षीच्या भाऊबीजेचं भांडण तुला आठवत असेल. मी ओवाळलं, कारण आईला मी तसं वचन दिलं होतं. ओवाळून झाल्यावर ताम्हन खाली ठेवलं आणि विचारलं, "का बोललास तसं?"

आधी तू शब्दकोशातला अर्थ काढलास. मग म्हणालास, "शांते, तू समजून घे. देश एक करायचा म्हणजे भाषा एक ठिकाणी आणावी लागते. त्यात थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

"थोडं म्हणजे किती? एका गाडीएवढं?"

तू चिडलास. मग तुझा आवाज खाली आला आणि तू खरं बोललास. तेव्हा याद्या होत होत्या. कोण इकडे राहणार, कोणाला तिकडे पाठवणार, कोणाची हिंदी कच्ची. मराठी कारकून सगळे जीव मुठीत धरून होते. तुझी नोकरी तर्जुम्यांवर उभी होती. "तिथे मी चूक झाली म्हटलं असतं," तू म्हणालास, "तर माझ्या हातचे मागचे सगळे कागद उघडले असते."

"मग उघडायचे."

"उघडायचे! तुला काय जातं म्हणायला? माझी तीन पोरं..."

"आणि माझा नवरा?"

तुझ्याबरोबर आलेल्या वहिनी मध्ये पडल्या. तू मोटारीला गेलास. तुझी भीती खरी होती, हे मला तेव्हाही कळलं होतं आणि आजही कळतं. भीती कळली म्हणून माणूस माफ होतो असं कोणी सांगितलं? तू घाबरलास आणि ती भीती उचलून ह्यांच्या डोक्यावर ठेवलीस.

शेवटी शेत विकायला काढलं. ज्या शेतात गाडी जात नाही ते कोण घेणार? लोक येत, काट्यांमधून आत जाऊन बघत आणि पाणी पिऊन निघून जात. घेणारा एकच होता, रघुनाथ. खरेदीखत हिंदीत करायचं होतं, आणि रघुनाथाने ते लिहायला तुलाच सांगितलं. तू नाही म्हणू शकत होतास. म्हणाला नाहीस.

सही करण्याआधी मी तो कागद वाचून घेतला. सगळे वाट बघत थांबले होते. चतुःसीमेपाशी आले. पूर्वेला तापीकडची जमीन, दक्षिणेला अमक्याचं शेत, आणि पश्चिमेला, तुझ्या सुंदर अक्षरात: 'बैलगाड़ी का रास्ता'.

मी मान वर करून तुझ्याकडे पाहिलं. तू दौतीत बघत होतास.

महिन्याभरात रघुनाथाने काटे उचलले आणि त्याची गाडी आत जायला लागली. आता कागदानेही तो गाडीचा रस्ता आहे. रघुनाथाने पुढे फाटक बसवलं, त्याला कुलूप घातलं. कोणाचीच नव्हती म्हणून सगळ्यांची होती ती पांदण आता एकाची आहे.

ते तीन शब्द तू का लिहिलेस, हे मी तुला कधी विचारलं नाही. रघुनाथाने सांगितलं म्हणून? की निदान एकदा तरी खरं लिहून टाकावं म्हणून? दुसरं असेल तर फार उशीर केलास. पहिलं असेल तर तुझ्याशी बोलण्यासारखं काही उरतच नाही. मी रोज यातलं एक मानते आणि दुसऱ्या दिवशी दुसरं.

मग तुझं दुखणं आलं. वहिनींचा निरोप आला, "बहिणीला बोलवा म्हणतात." मी आले. दुपारची वेळ होती, बाजूच्या घरात हातमागांचा खटखटाट चालू होता. तू इतका वाळला होतास की चादरीखाली कोणी आहे असं वाटत नव्हतं. मी तुला चमच्याने पेज भरवली. तू दोन घोट घेतलेस, माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "शांते, त्या दिवशी कचेरीत..."

मला कळलं तू काय म्हणणार आहेस. तुझा चेहरा तसा झाला होता, लहानपणी आईच्या पुढ्यात व्हायचा तसा. इतकी वर्षं मी त्याच वाक्याची वाट पाहत होते. ते तुझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "राहू दे, भाऊ. आता त्याचं काही नाही. झोप तू."

तू पुन्हा बोलायला गेलास. मी हात काढला नाही. "झोप," म्हटलं. तुझे डोळे भरून आले आणि तू तोंड भिंतीकडे केलंस. वहिनी दारात उभ्या होत्या, पदराने डोळे पुसत होत्या. चौथ्या दिवशी तू गेलास. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "शांताबाईंचं मन केवढं मोठं! त्यांना एक शब्द बोलू दिला नाही, आधीच माफ करून टाकलं."

मी माफ केलं नव्हतं, भाऊ. तू बोलला असतास तर मला माफ करावं लागलं असतं. म्हणून मी तुला बोलू दिलं नाही.